पहाटेचा बर्फ, दुपारचा बर्फ

बर्फ पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीत, असं सगळेच म्हणतात. हैदराबादच्या काचीगुड्यातल्या मराठी घरांना ते सहसा जमत नाही. मुलं विवेकवर्धिनीत असोत की दुसऱ्या कुठल्या शाळेत, परीक्षा संपेपर्यंत घर हलत नाही. मग एप्रिल-मे उजाडतो, हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो आणि चार कुटुंबं मिळून मनालीची किंवा काश्मीरची तिकिटं निघतात. तिथे भाड्याचे कोट आणि गमबूट चढवून रोहतांगला किंवा गुलमर्गच्या वरच्या टप्प्यावर पोचावं, तर समोर दिसतो तो जुना, दाणेदार, जागोजागी मळलेला बर्फ. दुपारपर्यंत त्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. आपण उशिरा आलो, खरा बर्फ संपला, ही चुटपुट लागते. हैदराबादेतल्या स्नो वर्ल्डमध्ये उणे पाच अंशांत याहून पांढरा बर्फ असतो, असं एखादा पोरगा बोलूनही दाखवतो.

गंमत अशी की डोंगरात खोलवर स्की करत फिरणारे लोक याच बर्फाची वर्षभर वाट पाहतात. लिफ्टच्या आसपास दिवसभर वरखाली करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा. पण स्वतःच्या पायांनी चढायचं, उंचावरच्या एखाद्या हटमध्ये मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या खुणा नसलेल्या उतारावरून खाली यायचं, हा प्रकार आल्प्समध्ये आणि नॉर्वेत मुख्यतः मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत चालतो. नॉर्वेत तर ईस्टरची सुटी म्हणजे डोंगरातली हट, पिशवीत संत्री आणि वाचायला रहस्यकथा, हे समीकरणच आहे. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या बर्फात एवढं काय असतं? त्याचं उत्तर बर्फात जितकं आहे तितकंच घड्याळात आहे. हा बर्फ दिवसातून काही तासच चांगला असतो, आणि ते तास गाठता यावेत म्हणून हट असते.

आधी बर्फाचं पाहू. थंडीत ताजा पडलेला बर्फ म्हणजे नाजूक फांद्यांचे स्फटिक आणि त्यांच्यामध्ये अडकलेली भरपूर हवा. वसंतात सूर्य वर चढतो. गुलमर्ग साधारण 34 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32-33 अंश वर असतो. एप्रिलच्या मध्याला तो 65 अंशांच्या आसपास पोचतो. नवा बर्फ आलेल्या प्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो, म्हणून थंडीत तो उन्हातही टिकतो. पण एकदा का दाणे मोठे झाले, वर धूळ बसली, की हे प्रमाण उतरतं, बर्फ जास्त ऊन पितो आणि दिवसा पृष्ठभाग वितळू लागतो. स्फटिकांच्या फांद्या आधी जातात, उरतात ते गोल दाणे. दाण्यांमधल्या फटीत पाणी साचतं. रात्री तेच पाणी गोठून दाण्यांना एकमेकांशी जखडतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वितळणं, रात्री पुन्हा गोठणं. दरवेळी लहान दाणे विरतात आणि मोठे आणखी मोठे होतात. आठवडाभर असं चाललं की वरचा थर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा सुटा, टपोरा होतो. स्कीवाले त्याला कॉर्न म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात. खाली काँक्रीटसारखा घट्ट पाया, वर दोन-तीन सेंटिमीटर मऊ दाणे. स्की रुतत नाही, निसटत नाही, जिथे वळवावी तिथे वळते. नवशिक्यालासुद्धा आपल्याला स्की येते असं वाटायला लावणारा हा बर्फ आहे.

यातला रात्रीचा भाग मला जास्त रंजक वाटतो. बर्फ गोठायला हवेचं तापमान शून्याखाली जायलाच हवं असं नाही. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात थेट आकाशाकडे सोडत राहतो, आणि या कामात तो फार तरबेज आहे. दिवसा दिसणारा प्रकाश परत फेकणारा हा पांढरा पदार्थ अवरक्त किरणांच्या हिशेबात जवळजवळ काजळीइतका काळा असतो. त्यामुळे हवा दोन-तीन अंशांवर असतानाही पृष्ठभाग कडक गोठू शकतो. आपल्या देशात ही युक्ती स्की येण्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडे बर्फ कसा बनवतात याचं वर्णन छापलं. उथळ खड्ड्यात उसाचा वाळलेला पाला किंवा कडबा पसरायचा, त्यावर मातीच्या पसरट परळांत उकळून गार केलेलं पाणी ठेवायचं, आणि थंडीतल्या निरभ्र, निवांत रात्रीनंतर पहाटे परळांवरचा बर्फ गोळा करायचा. पाला खालून येणारी जमिनीची ऊब अडवी आणि पाणी वर आकाशाकडे उष्णता टाकत राही. रात्री ढग आले की मेहनत फुकट जायची.

स्कीवाल्यांचंही नेमकं तेच होतं. ढग पांघरुणासारखे वागतात, जमिनीकडून गेलेली उष्णता परत खाली पाठवतात. मग थर्मामीटर बरा आकडा दाखवत असला तरी बर्फ गोठत नाही. म्हणून हटमधला जाणता माणूस झोपण्याआधी बाहेर जाऊन आकाश बघतो आणि पहाटे उठल्यावर पहिलं काम म्हणून बर्फात काठी खुपसतो. काठी टणकन थांबली तर निघायचं. ती आत गेली तर परत अंथरुणात. हा निर्णय तिथे कुणी हौसेचा प्रश्न करत नाही.

कारण दुपारी हाच बर्फ मारतो. एक किलो बर्फ वितळवायला 334 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून सकाळी बराच वेळ काही होत नाही असं वाटतं, ऊन नुसतं कवच सैल करत असतं. मग वरचे दाणे सुटतात, तो मधला सुखाचा तास. त्यानंतर पाणी खोल झिरपू लागतं, दाण्यांचे सांधे एकेक करून सुटतात, आतल्या एखाद्या जुन्या कडक थरावर पाणी साचतं आणि त्यावरचा सगळा बोजा सरकायला मोकळा होतो. उतारावरून बर्फाची छोटी चाकं आपोआप गरगरत खाली येऊ लागली, किंवा स्की काढून उभं राहिल्यावर पाय घोट्याच्या वर रुतला, की वेळ संपली असं समजावं. ओल्या बर्फाचं हिमस्खलन कोरड्यापेक्षा सावकाश येतं, पण अतिशय जड असतं आणि थांबल्यावर घट्ट बसतं. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे, आणि दुर्दैवाने स्की करायला मजा येते तीही साधारण याच उतारांवर.

म्हणून गटातल्या प्रत्येकाच्या छातीवर 457 किलोहर्ट्झवर संदेश देणारं एक छोटं यंत्र बांधलेलं असतं, पिशवीत घडीची लांब सळई आणि फावडं असतं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुतेक वेळा वाचतो. अर्ध्या तासानंतर वाचणारे थोडे. म्हणजे बाहेरून मदत येण्याचा प्रश्नच नसतो, सोबतच्यांनीच शोधायचं आणि खणायचं. यंत्र बांधलं म्हणून सुरक्षित झालो असं मानणारेही असतात. त्यांच्याबरोबर मी जाणार नाही.

आता उताराची दिशा. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन आधी पडतं, तो आठ-नऊच्या सुमारास तयार होतो. दक्षिणेकडचा त्यानंतर, पश्चिमेकडचा दुपारी. हुशार गट सूर्याच्या मागे मागे डोंगराला वळसा घालतो आणि एकाच दिवशी दोन-तीन उतार ऐन वेळेवर गाठतो. उत्तरेकडच्या उतारांवर मात्र मार्चमध्येही थंडीतला कोरडा बर्फ सावलीत जपलेला असतो, त्याचे नियम वेगळे.

इथे हटचा हिशेब येतो. स्कीच्या तळाला लांब पट्टी चिकटवून माणूस चढतो. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता मोहेअर किंवा नायलॉनची. केस मागच्या बाजूला झुकलेले, त्यामुळे स्की पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी असते, उतरताना ती बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीत, पक्की करतात. आजची हलकी बाइंडिंग, ज्यात बुटाचं टोक दोन खिळ्यांमध्ये पकडलं जातं, ती ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने 1980 च्या दशकात काढली. वजन वाचवण्याच्या बाबतीत या एका माणसाचे उपकार चढणारे विसरत नाहीत. एवढं सगळं असूनही धडधाकट माणूस तासाला तीन-साडेतीनशे मीटर उंची चढतो. समजा शिखर 3,800 मीटरवर आहे आणि दरीतलं गाव 1,600 वर. म्हणजे 2,200 मीटरची चढाई, सहा-सात तास. नऊला माथ्यावर असायचं तर गावातून रात्री दोन-तीनला निघायला हवं, आणि तेही उतरायला पाय शिल्लक ठेवून. तेच 2,900 मीटरवर हट असेल तर पहाटे सहाला निघून चालतं. झोप मिळते, गरम खाणं मिळतं, आकाश बघता येतं. शेकोटी आणि गप्पा हा हटचा वरचा नफा; मूळ भांडवल हे तीन तास.

युरोपने हे फार लवकर ओळखलं, अर्थात स्कीसाठी नव्हे. स्विस आल्पाइन क्लब 1863 साली निघाला आणि त्याच वर्षी त्याने ट्योडी या डोंगरावर ग्रुनहॉर्न हट उभारली, गिर्यारोहकांसाठी. आज त्या क्लबच्या दीडशेच्या आसपास हट आहेत. वसंतात अनेक ठिकाणी राखणदार असतो, तो रात्रीचं जेवण आणि पहाटेचा नाश्ता देतो. सामान हेलिकॉप्टरने येतं म्हणून पाण्याच्या बाटलीची किंमत ऐकून नवखा दचकतो. बूट दाराशी काढायचे, आतल्या चपला घालायच्या, आपली चादरपिशवी आपण आणायची, आणि सामायिक फळीवर अनोळखी घोरणाऱ्याच्या शेजारी झोपायचं. राखणदार नसलेल्या दिवसांतही एक खोली उघडी ठेवलेली असते. नॉर्वेत 1868 पासून चाललेल्या पर्यटन संघाच्या कित्येक हटमध्ये कुणीच नसतं. संघाच्या किल्लीने दार उघडायचं, कपाटातला डबा काढून खायचं, वहीत लिहायचं आणि पैसे भरायचे. लाकडं फोडून ठेवायची ती पुढच्यासाठी.

शामोनी ते झेर्माट ही आल्प्समधली सगळ्यांत गाजलेली वाट अशीच हटमागून हट जोडत जाते. इंग्रज गिर्यारोहकांनी ती 1860 च्या दशकात उन्हाळ्यात पायी शोधली होती, स्कीवरून 1911 मध्ये झाली. पण उंच डोंगरात स्कीचा खरा हंगाम वसंताचा, हे तावातावाने मांडणारा माणूस आपल्या दक्षिणेत जन्मलेला होता, हे थोड्यांना ठाऊक असतं. आर्नल्ड लन याचा जन्म 1888 साली मद्रासचा, वडील मिशनरी. 1909 मध्ये डोंगरात पडून त्याचा उजवा पाय मोडला आणि कायमचा आखूड राहिला. तरी 1917 च्या जून महिन्यात, गाइड योसेफ क्नुबेलसोबत, त्याने 4,545 मीटरचं डोम शिखर स्कीवर केलं. त्या काळी हे महाशय जूनमध्ये स्की घेऊन निघालेले पाहून लोक हसत असणार. आजची स्लालम शर्यतही त्यानेच 1922 साली म्युरेनला सुरू केली, पण त्याचा जीव कायम शर्यतीच्या वाटेबाहेरच्या, ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या बर्फात होता.

मग हिमालयात हे का नाही? थोडं होतं. 1927 च्या सुमारास ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया काढला. त्यांचे वर्षातले दोन मेळावे असत, एक नाताळात आणि दुसरा ईस्टरला. म्हणजे वसंताचा बर्फ त्यांनाही कळला होता. गुलमर्गच्या वरच्या अंगाला, अफरवटच्या पायथ्याशी खिलनमर्गचं कुरण आहे, तिथे क्लबची हटही होती. लिफ्ट नव्हत्या, अफरवट चढायचा तो पायांनीच, आणि ओझी वाहायला काश्मिरी हमाल. त्यांची नावं कुणी जपून ठेवली नाहीत. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या अखेरीस, काश्मीरच्या लढाईच्या धामधुमीत, जनरल थिमय्यांच्या डिव्हिजनने गुलमर्गला सैनिकांसाठी स्की शाळा उघडली. पुढे तीच हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. खिलनमर्गचे उतार दिसतात तितके सौम्य नाहीत. फेब्रुवारी 2010 मध्ये याच शाळेच्या प्रशिक्षणार्थींवर तिथे हिमस्खलन कोसळलं आणि डझनाहून अधिक जवान गेले.

पर्यटकांच्या वाट्याला आला तो गंडोला, म्हणजे तारेवरचा पाळणा. त्याचा पहिला टप्पा 1998 ला, दुसरा 2005 ला सुरू झाला, आणि दुसऱ्याने तर माणसाला एकदम 3,900 मीटरच्या वर नेऊन सोडलं. जगभरचे स्कीवाले त्यानंतर गुलमर्गला येऊ लागले, पण जानेवारी-फेब्रुवारीतल्या भुसभुशीत बर्फासाठी. वसंतात गंडोला हटची जागा घेऊ शकत नाही. पूर्वेकडच्या उतारांवर ऊन पडून बराच वेळ झाल्यावर त्याच्या खिडकीवर तिकीट मिळू लागतं. एप्रिलमध्ये पहिल्या पाळण्याने वर पोचणारा माणूस अनेकदा कॉर्नची वेळ उलटल्यावरच पोचतो. ज्यांना ती साधायची असते ते अंधारात, पट्ट्या लावून, चढत निघतात.

बाकी हिमालयात उंचावर आसरा आहे तो गुज्जर-बकरवालांच्या ढोकांचा, म्हणजे उन्हाळी झोपड्यांचा, आणि मेंढपाळ वर येतात ते बर्फ उतरल्यावर. वनखात्याचे बंगले खाली, झाडीत. शिवाय अंतरं मोठी, बर्फाखालची जमीन कुणाची याचे वाद, सीमेजवळच्या परवानग्या. आल्प्समध्ये दर काही तासांवर हट आहे म्हणून हिमालयातही असावी, हा हट्ट मला पटत नाही. पण अटल बोगदा ऑक्टोबर 2020 मध्ये खुला झाल्यापासून लाहौलमध्ये वेगळंच घडतंय. पूर्वी रोहतांग बंद झाला की ही खोरी अर्धं वर्ष तुटायची. आता सिस्सूसारखी तीन हजार मीटरच्या आसपासची गावं थंडीत आणि वसंतात पोचण्याजोगी झाली आहेत. गावातलं घर आणि घरमालकिणीने रात्री मळून ठेवलेली कणीक हाच तिथला बेस. हट म्हणून नवी इमारत बांधण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे.

आणि मराठी माणसाला हे गणित अगदीच अनोळखी आहे असंही नाही. यूथ हॉस्टेल्सच्या मे महिन्यातल्या, हिमाचलमधल्या सार पास ट्रेकला पुण्या-नाशिकहून, हैदराबादहून माणसं रांगेने जातात. नगारू कॅम्पवरून पहाटेच्या काळोखात उठवून काढतात तेव्हा सगळे कुरकुरतात. उठवण्याचं कारण तेच: बर्फ गोठलेला असताना साडेतेरा हजार फुटांच्या वरची ती खिंड ओलांडायची. आणि पुढे बिस्केरीच्या बाजूला उतारावर बसून, पाय उचलून, ओरडत जी लांबलचक घसरगुंडी होते, ती होते ऊन पडून वरचा थर मऊ झालेला असतो म्हणून. आणखी आधी ती काचेसारखी कडक आणि जीवघेणी असती, आणखी उशिरा कमरेपर्यंत चिखल. फक्त पायांत स्की नसतात, एवढाच फरक.

वेळेचं हे गणित आता हलतं आहे. आपल्याकडचा बर्फ येतो पश्चिमी विक्षोभांतून, भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या प्रणालींतून. त्या उशिरा आल्या तर सगळंच उशिरा. गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा 2025 मध्ये फेब्रुवारीत व्हायच्या होत्या, बर्फच पुरेसा नव्हता म्हणून मार्चवर गेल्या. मार्चमध्ये पडलेल्या जाड थराला पक्व व्हायला थंड रात्री मिळण्याआधीच ऊन तापलं, तर कॉर्न बनत नाही, नुसता चिखल आणि हिमस्खलनं. मनालीला 1969 पासून हिमस्खलनांचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था होती. ती आता दुसऱ्या एका प्रयोगशाळेशी मिळून डीजीआरई या नावाने काम करते आणि जिल्हावार इशारे देते. जाणाऱ्याने ते वाचावेत. आपल्या टूरवाल्याला ते माहीत असतीलच असं धरून चालू नये.

काचीगुड्यातल्या कुणाला यात पडायचंच असेल तर सरळ रस्ता शाळेचा आहे. मनालीच्या, 1961 पासून चालणाऱ्या सरकारी गिर्यारोहण संस्थेचे स्कीचे वर्ग सोलंगला होतात. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे. पहिले दिवस बूट आवळण्यात, पडण्यात आणि पडल्यावर उठण्यात जातात, आणि ते साठ वर्षांच्या माणसालाही जमतं. डोंगरात आत जाण्याइतकी स्की यायला मात्र दोन-तीन हंगाम लागतात, आणि नंतरही हिमस्खलनाचं शिक्षण घेतलेला स्थानिक गाइड हवाच. समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटरवर राहणाऱ्या हैदराबादकराने वर गेल्यावर पहिले दोन दिवस नुसतं हिंडावं, चढू नये. जून 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे जाते, त्यामुळे स्की-पिशवीचं विमानाचं जादा भाडं टळतं. गुलमर्गच्या खाली टंगमर्गमध्ये मुक्काम स्वस्त पडतो, पण तिथून वर यायला तासभर जातो आणि एप्रिलमध्ये तो तास परवडत नाही. वर गुलमर्गलाच राहावं, आणि हॉटेलच्या खानसाम्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावं की चहा आणि अंडी साडेचारला हवीत. तो आधी हसेल, मग आकाश निवळलंय का ते स्वतःच बघून सांगेल.